फाइल-व्यवस्थापक कोसळतो तेव्हा

संगणकाच्या साठ्यात कागद नसतात आणि कागद ठेवण्याचे कप्पेही नसतात. तेथे असतात त्या केवळ अंकांच्या लांबच लांब मालिका. ह्या मालिकांना 'फाइल' हे नाव देणे, त्या 'फोल्डर'मध्ये ठेवल्या आहेत असे दाखवणे आणि माणसाला त्या उचलता, हलवता व पुसता येतील अशी सोय करणे, हे सारे काम एक प्रोग्रॅम करीत असतो. त्यालाच फाइल-व्यवस्थापक म्हणतात. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा कार्यालयीन संगणक बाजारात आणला. टेबलावरचे कागद आणि कपाटातले फोल्डर ह्यांची चित्रे पडद्यावर मांडण्याची कल्पना त्यात प्रथमच व्यापारी स्वरूपात लोकांपुढे आली. आज ती इतकी सर्वपरिचित झाली आहे, की ती एक कल्पना आहे ह्याचेही कोणाला स्मरण राहत नाही.

हे विस्मरण दूर होते ते फाइल-व्यवस्थापक कोसळला म्हणजे. काम चालू असताना खिडकी क्षणात नाहीशी होते. काही कार्यप्रणालींत तिच्याबरोबर पडद्यावरची इतर चिन्हेही जातात. विंडोज ह्या कार्यप्रणालीत फाइलींच्या खिडक्या आणि पडद्याच्या तळाशी असणारी पट्टी ही दोन्ही कामे 'एक्सप्लोरर' ह्या एकाच प्रोग्रॅमकडे आहेत. त्यामुळे तो कोसळला, की संगणकच बंद पडला असा वापरणाऱ्याचा समज होतो. फाइली बहुधा सुरक्षित असतात, परंतु त्या मागणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. एखादी मोठी फाइल दूरच्या संगणकाकडे पाठवली जात असताना हे घडले, तर ती तिकडे अर्धीच पोहोचलेली असते, आणि पाठवणाऱ्याला ती पूर्ण पोहोचली असेही वाटू शकते. म्हणून ह्या घटनेची कारणे समजून घेणे हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही.

अशा कोसळण्याचा एक विशिष्ट प्रकार वारंवार आढळतो. ज्या ठिकाणी वाचनखुणा आणि दूरस्थ जोडण्या ह्या दोन सोयी एकत्र येतात, त्या ठिकाणी तो उद्भवतो. दोन्ही सोयी वेगवेगळ्या पाहिल्या तर साध्या आहेत. अडचण निर्माण होते ती त्यांच्या संयोगातून.

दूरचे जवळ आणण्याची युक्ती

एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकावरून मागवण्याचे नियम सर्वप्रथम १९७१ साली मांडले गेले, आणि ते मांडणारे अभियंते भारतीय होते. कानपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण हे त्या वेळी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे होते. १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी 'फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल' म्हणजेच 'एफटीपी' ह्या नियमावलीचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. तीत मागणारा आणि देणारा हे दोन पक्ष स्पष्टपणे वेगळे होते. फाइल दुसरीकडे आहे, ती आणावी लागणार आहे आणि आणण्यास वेळ लागणार आहे, ह्याची जाणीव मागणाऱ्याला असे.

पुढील काळात ही जाणीव पुसून टाकण्याकडे कल झाला. १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीने 'नेटवर्क फाइल सिस्टिम' तयार केली. दूरची फाइल जणू आपल्याच यंत्रात आहे असा आभास निर्माण करणे हाच तिचा हेतू होता. त्यानंतर कार्यालयांमध्ये सामाईक फोल्डर आले, आणि १९९५ नंतर सुरक्षित सांकेतिक जोडणीवरून फाइली हाताळण्याचे मार्गही आले. फाइल-व्यवस्थापकांनी हे सर्व मार्ग आपल्यात सामावून घेतले. आपल्या संगणकातले फोल्डर आणि शेकडो किलोमीटरांवरच्या सर्व्हरमधले फोल्डर शेजारीशेजारी, एकाच आकाराच्या चिन्हांनी दिसू लागले.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय. परंतु आभास कितीही चांगला असला तरी अंतर नाहीसे होत नाही. आपल्या यंत्रातील साठा एखाद्या प्रश्नाला सेकंदाच्या अत्यल्प अंशात उत्तर देतो. दूरचा सर्व्हर मात्र लगेच उत्तर देईल, उशिरा देईल, चुकीचे देईल किंवा मुळीच देणार नाही. ह्यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या शक्यतेचा विचार प्रोग्रॅम लिहिणारा बहुतेक वेळा करतोच. त्याच्या नजरेतून निसटते ती उशिरा येणाऱ्या उत्तराची शक्यता.

वाचनखूण म्हणजे काय?

पुस्तकात ठेवलेल्या खुणेप्रमाणे फाइल-व्यवस्थापकातही नेहमीच्या ठिकाणांच्या खुणा ठेवता येतात. खिडकीच्या डाव्या बाजूला त्यांची यादी दिसते. ग्नोम ह्या मुक्त प्रणालीत ही यादी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक ओळीत एका ठिकाणाचा पत्ता, आणि हवे असल्यास त्यापुढे त्याचे नाव. केडीई प्रणालीतील 'डॉल्फिन' हा फाइल-व्यवस्थापक हीच माहिती थोड्या निराळ्या मांडणीत ठेवतो.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. वाचनखूण हे ते ठिकाण नव्हे, केवळ त्याचा पत्ता होय. पुस्तकातील खूण निदान पुस्तकाबरोबर राहते. परंतु दूरच्या सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवला, तरी तो सर्व्हर उद्या चालू असेल, त्याच नावाने ओळखला जाईल किंवा त्यातील फोल्डर जागच्या जागी असेल ह्याची हमी ती ओळ देऊ शकत नाही. तरीही यादी दाखवण्यापूर्वी फाइल-व्यवस्थापकाला प्रत्येक खुणेविषयी काही प्रश्न विचारावेच लागतात. हे ठिकाण अस्तित्वात आहे काय? त्याच्याशी जोडणी झालेली आहे काय? त्याच्यापुढे कोणते चित्र दाखवावे?

हे प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत बसणे हा एक मार्ग झाला. परंतु खिडकी रंगवणे, माउसच्या टिचक्या ऐकणे आणि कळफलकाकडे लक्ष देणे ही सर्व कामे बहुधा एकाच धाग्यावर चालतात. तो धागा सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबला, तर संपूर्ण खिडकी थिजते. म्हणून दुसरा मार्ग रूढ झाला. प्रश्न पाठवून द्यावा, आपले काम पुढे चालू ठेवावे, आणि उत्तर आल्यावर काय करावयाचे ह्याची सूचना व संबंधित नोंदीचा पत्ता त्या प्रश्नाबरोबरच देऊन ठेवावा. खिडकी थिजण्याच्या विकारावर हा उत्तम उपचार ठरला. मात्र ह्याच उपचाराने दुसऱ्या विकाराला दार उघडून दिले, कारण प्रश्न आणि उत्तर ह्यांच्यामध्ये आता काळाची एक फट निर्माण झाली.

भिलाईच्या क्वार्टरांचे उदाहरण

ह्या फटीत नेमके काय घडते हे समजण्यासाठी भिलाईच्या वसाहतीचे उदाहरण उपयोगी पडेल. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ ह्यांच्यात झालेल्या करारानुसार दुर्ग जिल्ह्यात भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांनी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन केले. कारखान्याबरोबरच कामगारांसाठी आखीव वसाहत वसवली गेली. सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर ह्यांच्या क्रमांकांनी तेथील पत्ता पुरा होतो. हा भाग १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश राज्यात होता. साहजिकच विदर्भातून आलेली अनेक मराठी कुटुंबेही ह्या क्वार्टरांत राहिली.

क्वार्टर हे कोणाच्या मालकीचे नसते. नोकरीत असेतोवर ते कामगाराला वाटून दिलेले असते, आणि सेवानिवृत्तीनंतर ते परत करावे लागते. पुढे तेच क्वार्टर दुसऱ्या कोणाला मिळते. समजा, सेक्टर सहामधील एका क्वार्टरात राहणाऱ्या गृहस्थांनी नागपूरच्या एका कचेरीला पत्र लिहिले आणि उत्तर ह्याच पत्त्यावर पाठवावे असे कळवले. उत्तर आठवड्यात आले तर काही प्रश्न नाही. परंतु ते सहा महिन्यांनी आले आणि दरम्यान गृहस्थ सेवानिवृत्त होऊन गावी गेले असले, तर? पोस्टमन पत्त्यावरचा क्रमांक पाहून पत्र त्याच दारात टाकील. त्याच्या दृष्टीने पत्ता बरोबरच आहे, बदलला आहे तो आत राहणारा माणूस.

संगणकाची स्मृती ही अशीच क्रमांकांनी विभागलेली वसाहत आहे. प्रोग्रॅमला एखादी नोंद ठेवावयाची झाली, की त्याला स्मृतीतील काही जागा वाटून दिली जाते. काम संपले, की ती परत केली जाते आणि दुसऱ्या नोंदीला मिळते. वाचनखुणेची नोंदही अशाच एका 'क्वार्टरा'त राहते. दूरच्या सर्व्हरला प्रश्न विचारताना उत्तरासाठी तोच पत्ता दिला जातो. आता उत्तर येण्यापूर्वी वापरणाऱ्याने ती खूण पुसली, खिडकी बंद केली किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने वाचनखुणांची फाइल बदलल्यामुळे संपूर्ण यादी नव्याने वाचली गेली, तर जुनी नोंद नाहीशी होते आणि तिची जागा परत केली जाते. त्यानंतर उत्तर येते, आणि ते त्या जुन्याच पत्त्यावर जाते.

कधी कोसळतो, कधी नाही

अशा उत्तराचे पुढे तीन प्रकारे पर्यवसान होऊ शकते. पहिल्या प्रकारात क्वार्टर रिकामे झालेले असते, पण दारावरची जुनी पाटी अद्याप तशीच असते. परत केलेली स्मृती बहुधा लगेच पुसली जात नाही. त्यामुळे प्रोग्रॅमला जुनी माहिती तेथे जशीच्या तशी सापडते आणि काहीही बिघडल्याचे दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात त्या जागी नवी नोंद राहावयास आलेली असते. प्रोग्रॅम तिलाच वाचनखूण समजून हाताळतो. एखादे नाव चुकीचे दिसते, भलतेच चित्र उमटते, किंवा नव्या नोंदीची माहिती खराब होते आणि तिचा परिणाम बऱ्याच वेळाने, अगदी निराळ्या ठिकाणी जाणवतो. तिसऱ्या प्रकारात त्या पत्त्यावर आता घरच उरलेले नसते, अथवा नव्या नोंदीतील एखादा अंक पत्ता समजून प्रोग्रॅम अस्तित्वात नसलेल्या जागी जाऊ पाहतो. संगणकाचे यंत्रभाग स्मृतीच्या सीमेवर पहारा देत असतात. ते हा अपराध पकडतात आणि कार्यप्रणालीला कळवतात. युनिक्स परंपरेतील कार्यप्रणाली त्या प्रोग्रॅमला एक संकेत पाठवते, ज्याचा लिनक्समधील क्रमांक ११ आहे, आणि प्रोग्रॅम संपुष्टात येतो. पडद्यावर दिसते ते केवळ खिडकी नाहीशी झाल्याचे.

ह्या तीन शक्यतांमुळे हा दोष फार फसवा ठरतो. नेटवर्क वेगवान असले, की उत्तर खूण पुसली जाण्यापूर्वीच येते आणि दोष दिसत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या टेबलाशेजारीच सर्व्हर असेल, तर त्याला तो कधीच आढळणार नाही. ज्याची जोडणी संथ आहे, मधूनमधून तुटते आहे, त्याच्याच वाट्याला तो येतो. म्हणजे मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत निर्दोष ठरलेला प्रोग्रॅम लहान गावातील शाळेत किंवा ग्रंथालयात दिवसातून दोनदा कोसळतो, आणि तेथील माणसाला आपल्याच हातून काही चूक झाली असे वाटत राहते. वस्तुतः त्याची काहीही चूक नसते.

ह्या दोषाचे एक जवळचे भावंडही आहे. कित्येकदा सर्व्हर 'असे ठिकाण नाही' असे कळवतो, आणि उत्तराच्या जागी शून्य पत्ता येतो. तो पत्ता खरा मानून प्रोग्रॅम पुढे गेला, तर तोही त्याच रीतीने कोसळतो. शून्य पत्त्याची ही सोय ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर ह्यांनी १९६५ साली 'अल्गॉल डब्ल्यू' ह्या भाषेसाठी योजिली होती. २००९ साली त्यांनी स्वतःच तिचे वर्णन आपली अब्ज डॉलरची चूक असे केले.

उपायांची वाटचाल

उपाय ह्याच उदाहरणातून सुचतात. पहिला उपाय असा, की ज्याची ज्याची त्या क्वार्टरशी काही कामे उरली आहेत, त्या सर्वांनी आपापली किल्ली परत केल्याखेरीज ते दुसऱ्याला द्यावयाचे नाही. प्रोग्रॅमच्या भाषेत, प्रत्येक नोंदीजवळ एक गणक ठेवला जातो. प्रश्न पाठवताना तो एकाने वाढतो, उत्तर हाताळून झाल्यावर एकाने कमी होतो, आणि शून्यावर आला तरच जागा परत केली जाते. ग्नोमचे प्रोग्रॅम प्रामुख्याने ह्याच पद्धतीवर आधारलेले आहेत. तिची मर्यादा अशी, की गणक वाढवणे वा कमी करणे हे पुष्कळदा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून राहते. दोन नोंदी एकमेकींची किल्ली धरून बसल्या, तर कोणतीच जागा कधी मोकळी होत नाही.

दुसरा उपाय म्हणजे निघून जाताना टपाल थांबवण्याची सूचना देणे. खूण पुसताच तिच्याविषयीचा प्रश्नही रद्द करावयाचा. येथेही एक खाचखळगा आहे. ग्नोमच्या व्यवस्थेत प्रश्न रद्द केला तरी एक शेवटचे उत्तर येतेच, आणि त्यात 'रद्द झाले' एवढाच मजकूर असतो. ते वाचण्याआधीच प्रोग्रॅमने आपल्या जुन्या नोंदीला हात लावला, तर रद्द करूनही तो कोसळतो. पाकीट उघडून मजकूर पाहावा आणि मगच घरात शिरावे, हा क्रम पाळणे अत्यावश्यक ठरते.

तिसरा उपाय रचनेचा आहे. ग्नोमचा 'नॉटिलस' हा फाइल-व्यवस्थापक मार्च २००१ मध्ये पूर्णत्वास आला. तो तयार करणारी ईझेल ही कंपनी दोनच महिन्यांत बंद पडली, परंतु प्रोग्रॅम मुक्त असल्यामुळे इतरांनी तो पुढे चालवला. त्या काळी दूरच्या सर्व्हरशी बोलणारा भाग फाइल-व्यवस्थापकाच्या आतच चालत असे. तो भाग बिघडला, की सारा प्रोग्रॅमच कोसळे. मार्च २००८ मधील ग्नोम २.२२ ह्या आवृत्तीत ही व्यवस्था बदलली. प्रत्येक जोडणी सांभाळण्याचे काम स्वतंत्र प्रक्रियेकडे सोपवण्यात आले. एक जोडणी कोसळली, तर तेवढीच तुटते आणि खिडकी टिकून राहते. असे असले, तरी खिडकीने स्वतःजवळ जपून ठेवलेला जुना पत्ता ह्या भिंतीमुळे ताजा होत नाही. म्हणून पहिल्या दोन उपायांची गरज संपत नाही.

दोष शोधून काढण्याची साधनेही आता उपलब्ध आहेत. २००२ साली आलेले 'व्हॅलग्राइंड' आणि २०१२ साली गूगलच्या अभियंत्यांनी मांडलेले 'अ‍ॅड्रेस सॅनिटायझर' ही साधने परत केलेल्या जागेला प्रोग्रॅमने हात लावताच तक्रार करतात. जुनी पाटी पाहून ती फसत नाहीत. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या 'रस्ट' ह्या भाषेत तर बहुतेक अशा चुका असलेला प्रोग्रॅम तयारच होऊ दिला जात नाही. मात्र जुने फाइल-व्यवस्थापक सी अथवा सी प्लस प्लस ह्या भाषांत लिहिलेले असून त्यांच्या लक्षावधी ओळी एका रात्रीत बदलता येत नाहीत.

वापरणाऱ्याच्या हाती काय आहे?

सामान्य वापरणाऱ्याने प्रथम थिजणे आणि कोसळणे ह्यांतील फरक ओळखावा. खिडकी जागेवर आहे पण हलत नाही, तर बहुधा ती दूरच्या उत्तराची वाट पाहत आहे. नेटवर्क परत आल्यावर ती पूर्ववत होण्याचा संभव असतो. खिडकी नाहीशीच झाली, तर तो कोसळण्याचा प्रकार होय. तो पुनःपुन्हा घडत असेल, तर वाचनखुणांच्या फाइलचे नाव तात्पुरते बदलून पाहावे. ग्नोममध्ये ती स्वतःच्या घर-फोल्डरातील 'कॉन्फिग' ह्या लपवलेल्या फोल्डरात सापडते. त्यानंतर कोसळणे थांबले, तर खुणा एकेक करून परत घालाव्यात. दोषाला निमित्त होणारी खूण बहुधा एखाद्या बंद पडलेल्या सर्व्हरची निघते.

दूरच्या ठिकाणी महत्त्वाच्या फाइली हलवताना 'हलवा' ह्या आज्ञेपेक्षा 'प्रत करा' ही आज्ञा बरी. दोन वेगळ्या यंत्रांमध्ये हलवणे म्हणजे आधी प्रत करणे आणि मग मूळ पुसणे. मध्येच खिडकी कोसळली, तर काही फाइली इकडे आणि काही तिकडे अशी विभागणी होऊन बसते. प्रत करावी, तिचा आकार ताडून पाहावा, ती एकदा उघडून पाहावी, आणि नंतरच मूळ फाइल पुसावी. ह्याला थोडा अधिक वेळ लागतो, परंतु एखाद्या संस्थेची वर्षभराची हजेरीपटे किंवा एखाद्या कुटुंबाची छायाचित्रे ह्यांच्या तुलनेत तो वेळ क्षुल्लक आहे.

शेवटचे काम दोष कळवण्याचे. मुक्त प्रोग्रॅमांच्या बाबतीत कोणालाही आपला अनुभव कर्त्यांपर्यंत पोहोचवता येतो. पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेच्या 'बॉस' ह्या भारतीय कार्यप्रणालीतही अशाच मुक्त प्रोग्रॅमांची जुळणी केलेली आहे. कळवताना प्रोग्रॅमची आवृत्ती द्यावी आणि कोणत्या क्रमाने काय केले ते लिहावे. कोसळण्याच्या क्षणी चालू असलेल्या कामांची साखळी प्रोग्रॅमने दाखवली असेल, तर तीही जोडावी. 'प्रोग्रॅम बंद पडतो' एवढ्या एका ओळीवरून कोणताही अभियंता फटीतला दोष शोधू शकत नाही. 'सर्व्हर बंद असताना खूण पुसली आणि अर्ध्या मिनिटाने खिडकी गेली' ह्या एका वाक्यात मात्र निदानाचे निम्मे काम झालेले असते. पाठवण्यापूर्वी जोडलेला मजकूर वाचून पाहणेही आवश्यक आहे. त्यात सर्व्हरचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि कित्येकदा संकेतशब्दही असू शकतो.

भिलाईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी २०१६ साली सुरू झाली असून तेथे संगणकशास्त्र शिकवले जाते. रूळ बनवणाऱ्या ह्या गावात आता प्रोग्रॅम लिहिणारेही घडत आहेत. रुळाची तपासणी कारखान्यात होते, कारण तो कोठे टाकला जाईल आणि त्यावरून किती भार जाईल हे ठाऊक असते. प्रोग्रॅम कोणत्या गावी, कोणत्या वेगाच्या जोडणीवर चालेल हे मात्र लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणूनच त्याची तपासणी तुटणाऱ्या, रेंगाळणाऱ्या, मध्येच गप्प होणाऱ्या जोडणीवर झाली पाहिजे, आणि जेथे अशी जोडणी रोजचीच आहे तेथील वापरणाऱ्यांनी पाठवलेली प्रत्येक नेमकी तक्रार ह्या तपासणीचाच एक भाग मानली गेली पाहिजे.